दवाखाना रात्री का येत नाही?

२८ फेब्रुवारी २०११च्या रात्री देशभरातले जनगणनेचे प्रगणक पुलांखाली, फलाटांवर, देवळांच्या ओवऱ्यांत, रस्त्याकडेला पडलेल्या मोठ्या पाइपांत आणि फुटपाथांवर फिरत होते. आधीचे वीस दिवस ते घरोघर गेले होते. ही एक रात्र ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी राखलेली होती. दिवसा ही माणसं कामावर असतात, गर्दीत मिसळून गेलेली असतात. ती मोजायची तर ती झोपतात त्या वेळी, झोपतात त्या जागी जायला हवं, एवढी साधी समज त्या योजनेत होती. देशात १७ लाख ७३ हजार माणसं मोजली गेली. महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत उरकलेली ही मोजणी अपुरी होती, असं रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते सांगतात आणि त्यावर शंका घेण्याचं कारण दिसत नाही. पण मला इथे आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. सरकार रात्री आलं होतं, आणि पत्ता न विचारता आलं होतं.

हे एकदाच घडलेलं नाही. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर निवडणूक आयोगाच्या नियमावलीत त्याची सोय आहे, आणि ती वाचताना आपल्या प्रशासनाबद्दल जरा आदरच वाटतो. अर्जात माणूस जी जागा सांगेल तिथे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जायचं, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, एकाहून जास्त रात्री पाहायचं, आणि खात्री पटली की निवासाचा कागद मागायचा नाही. पल्स पोलिओचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. स्टेशनांवर, एसटी स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, पुलाखालच्या बिऱ्हाडांपर्यंत डोस पाजणारी पथकं गेली, पोरांच्या बोटांना शाई लावून आली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्या यशात पत्ता नसलेल्या पोरांच्या बोटांवरच्या शाईचा वाटा मोठा आहे. कोविडच्या लसीकरणातही मे २०२१मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली. त्यात भटक्यांचा आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्यांचाही नावाने उल्लेख होता.

म्हणजे सरकारला ही माणसं सापडत नाहीत, हे म्हणणं टिकत नाही. मोजायचं असतं तेव्हा सापडतात, मत हवं असतं तेव्हा सापडतात, त्यांच्या अंगातला विषाणू आपल्या पोरांना लागण्याची भीती असते तेव्हा सापडतात. महापालिकेची गाडी सामान उचलायला येते तिलाही बरोबर सापडतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या दुखण्याची वेळ आली की शोधण्याचं काम त्यांच्यावर येतं. दवाखाना आपल्या जागी, आपल्या वेळेत बसून राहतो आणि ते आले नाहीत तर ‘आरोग्याबाबत उदासीन’ अशी नोंद त्यांच्या नावावर पडते.

मुद्दा कायद्यांच्या अभावाचा नाही. कागदावर बेघर माणूस चांगलाच श्रीमंत आहे. आधार कायद्याच्या पाचव्या कलमात कायम निवारा नसलेल्यांना आधार देण्यासाठी विशेष प्रयत्न करण्याची जबाबदारी प्राधिकरणावर टाकलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तर याहून पुढे जातो. दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो, निराधार आणि बेघर मनोरुग्णाला सरकारी मानसोपचार मोफत मिळालेच पाहिजेत, आणि बरा झालेला माणूस केवळ त्याला घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून इस्पितळात अडकवून ठेवता येणार नाही, असं तो कायदा सांगतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केस पेपरचे पैसेही लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये, अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात, मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा, असं माप घालून दिलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच माप उचललं. सव्वा कोटीच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे लागतात. त्यातले एक चतुर्थांशसुद्धा नीट उभे राहिले नाहीत, आणि जे राहिले त्यांतले बरेच मुलांसाठीचे आहेत.

तरीही, निवाऱ्यांची टंचाई बाजूला ठेवून एक प्रश्न उरतो. उपचार फुकट आहेत, केईएम, सायन, नायर, जेजे ही मोठी रुग्णालयं बेघर वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मग ही माणसं तिथे का दिसत नाहीत?

याचं उत्तर शोधायला परळला जावं. टाटा स्मारक रुग्णालय आणि केईएमच्या आसपासच्या फुटपाथांवर, उड्डाणपुलाखाली वर्षानुवर्षं माणसं राहतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा अशा ठिकाणांहून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं. त्यांचं अंथरूण फुटपाथवर, चूल फुटपाथवर, आंघोळ सुलभ शौचालयात. जनगणनेचा प्रगणक त्या रात्री आला असता तर त्याने त्यांना बेघरांतच धरलं असतं. पण ही माणसं सार्वजनिक आरोग्यसेवेचा अगदी पुरेपूर वापर करतात. केमोची तारीख चुकवत नाहीत, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाशी ठेवतात, समाजसेवा विभागाच्या खेपा घालतात, ट्रस्टांचे अर्ज भरतात. त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तसल्याच फुटपाथवर दहा वर्षं झोपणारा हमाल मात्र पायाची जखम चिघळून किडे पडेपर्यंत त्याच केईएमच्या दारात जात नाही.

छत दोघांनाही नाही. मग फरक कुठे पडतो? कॅन्सरच्या रुग्णाजवळ एक माणूस बसलेला असतो. भाऊ, बायको, मुलगा, मेहुणा, कुणीतरी. आणि आपलं सरकारी रुग्णालय ज्या अदृश्य कर्मचाऱ्याच्या जिवावर चालतं तो हाच आहे. त्याला तिथे ‘नातेवाईक’ म्हणतात. केस पेपर काढायला रांगेत उभा राहतो तो, स्ट्रेचर ढकलतो तो, रक्ताची बाटली प्रयोगशाळेत पोचवतो आणि रिपोर्ट आणतो तो, बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात धावतो तो, रात्री सलाईन संपलं की सिस्टरला उठवतो तो, संमतीपत्रावर सही करतो तो. एका परिचारिकेच्या माथी जेवढे रुग्ण असतात तेवढे पाहता दुसरं काही होणंही कठीण आहे. नातेवाइकांचं हे फुकट श्रमदान उद्या बंद झालं तर परवा वॉर्ड ठप्प होतील. एकट्या माणसाला दाखल करून घेताना निवासी डॉक्टर ‘सोबत कोण आहे?’ असं विचारतो तेव्हा तो निष्ठुर नसतो, आपलं काम कसं होणार याची त्याला चिंता असते. पण ज्याचं उत्तर ‘कोणी नाही’ असं आहे, त्याला तो प्रश्न पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की ही जागा तुझ्यासाठी बनवलेली नाही.

त्यात वेळेचं गणित आहे. मजूर नाक्यावर सकाळी सात-आठला उभं राहावं लागतं. नऊपर्यंत ठेकेदार माणसं उचलून जातात. ओपीडीचा केस पेपर निघण्याची वेळ नेमकी तीच. म्हणजे दवाखान्यात जाणं याचा अर्थ त्या दिवसाची मजुरी बुडवणं, आणि त्याला ती संध्याकाळच्या जेवणाएवढी ताजी लागते; मागच्या महिन्याचं काही शिल्लक नसतं. त्यात आणखी एक गोष्ट, जी घर असलेल्यांच्या लक्षातच येत नाही. गाठोडं कुठे ठेवायचं? पांघरूण, कपड्यांचा जोड, भांडी, असतील ती कागदपत्रं असा सगळा संसार त्यात असतो. वॉर्डात ते नेऊ देत नाहीत. फुटपाथवर ठेवलं तर चोरीला जाईल किंवा महापालिकेची गाडी उचलेल, आणि जागा दुसरा कुणीतरी धरेल. फुटपाथवरच्या झोपायच्या जागेलाही वहिवाट असते. चार दिवस दाखल होऊन परत आलेल्या माणसाला आजाराबरोबर ही जागाही नव्याने भांडून मिळवावी लागते. हे सगळं तो रांगेत उभा राहण्याआधीच मनाशी मांडतो. आपण त्याला ‘जागरूकतेचा अभाव’ म्हणतो. मला तर तो हिशेब चोख वाटतो.

आपला दवाखाना या नावाने मुंबईत २०२२नंतर सुरू झालेली छोटी केंद्रं रात्री दहापर्यंत उघडी ठेवली गेली, हे या दृष्टीने मोठं पाऊल होतं. खोकला-ताप, मधुमेहाची गोळी, रक्तदाब यांसाठी संध्याकाळची वेळ म्हणजे मजुरी न बुडवता मिळालेले उपचार. त्या निर्णयाचं कौतुक झालं ते गर्दी विकेंद्रित करणारी योजना म्हणून. कष्टकऱ्याच्या घड्याळाकडे पाहून आखलेल्या आरोग्यसेवा आपल्याकडे किती थोड्या आहेत, ते त्या निमित्ताने कुणी बोललं नाही.

ओपीडीपर्यंत माणूस पोचला, दाखल झाला, शस्त्रक्रिया झाली, असं धरू. खरी फजिती त्यानंतर सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं: जखम कोरडी ठेवा, पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्या, उकळलेलं पाणी प्या, एक दिवसाआड ड्रेसिंग, आठ दिवसांनी दाखवायला या. यातलं एकेक वाक्य घर गृहीत धरून लिहिलेलं आहे. जुलैत फुटपाथवर जखम कोरडी कशी ठेवायची? पाय उंचावर ठेवून पडून राहिलेल्या माणसाला सकाळी सहाला झाडूवाला उठवतो, दुकानदार त्याच्या आधी. इन्सुलिन थंड ठेवायला सांगतात, ते कुठे ठेवायचं? डॉक्टर चुकलेला नाही. त्याने प्रत्येक रुग्णाला जे लिहून देतो तेच लिहून दिलं. रुग्णालयाचं काम संपलं आणि घराचं काम सुरू झालं, अशी ही वाटणी आहे. त्यातलं एक टोक इथे हवेतच लोंबकळतं. पंधरा दिवसांत तो माणूस तीच जखम घेऊन परत येतो, आता पू भरलेली, बोट काढायला लावणारी. किंवा येतच नाही. आणि एखादा वॉर्डात असतानाच चौथ्या दिवशी मजुरीच्या चिंतेने उठून निघून जातो, तेव्हा केस पेपरवर ‘डामा’ लिहिलं जातं, म्हणजे वैद्यकीय सल्ला झुगारून गेला. रुग्णालयाच्या दृष्टीने जबाबदारी त्याच्या अंगावर टाकून प्रकरण बंद.

क्षयरोगाने हे सगळं एकत्र करून दाखवलं आहे. साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे. सरकार औषध फुकट देतं. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४पासून १,००० रुपये पोषणासाठी देतं. चांगली योजना आहे. पण पैसे बँक खात्यात जातात, खात्याला आधार लागतं, आधारला पत्ता किंवा पत्त्याऐवजी ओळख देणारा माणूस. आणि औषध मिळण्याचं केंद्र ठरतं ते राहण्याच्या जागेवरून. आज भायखळ्याच्या पुलाखाली असलेला माणूस पावसाळ्यात कुर्ल्याला, लग्नसराईत कॅटरिंगच्या कामाला ठाण्यात, असा फिरत राहतो. आरोग्यसेविकेला तिच्या वाटणीची घरं दिलेली असतात, घर क्रमांकासह. गोळ्या अर्ध्यावर सुटलेला रुग्ण तिच्या यादीतून गळतो, तेव्हा त्याला शोधायला ती कुठे जाणार? अर्धवट औषधातून जो प्रतिरोधक टीबी तयार होतो त्याचे उपचार महागडे, लांबचे आणि त्रासदायक असतात. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय, हजारावर खाटांचं, मुंबईत इतकी वर्षं उभं आहे. तिथे बरे होऊन, किंवा बरे व्हायला लागून, पुन्हा फुटपाथवर गेलेल्यांचं पुढे काय होतं हा खरं तर संपूर्ण टीबी निर्मूलन मोहिमेचा प्रश्न आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगाबाबत तरी पोलिओवाला स्वार्थ आठवायला हरकत नव्हती.

अमेरिका-कॅनडात या विषयावर जो वाद चालतो तो आपल्याकडच्या चर्चेत कधीकधी जसाच्या तसा उतरवला जातो, म्हणून त्याबद्दल थोडं बोलायला हवं. तिथे १९८६च्या कायद्यामुळे अमेरिकेतलं कुठलंही मोठं रुग्णालय आणीबाणीच्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवू शकत नाही. त्यामुळे बेघर माणसं तातडीच्या विभागात वारंवार येतात, रुग्णवाहिका वापरतात, तुरुंगात जातात, आणि या सगळ्याचं बिल कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक खात्यात दिसतं. मग युक्तिवाद उभा राहतो: यांना आधी घरं द्या, ते रुग्णालयाच्या बिलापेक्षा स्वस्त पडेल. न्यूयॉर्कमध्ये नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘आधी घर’ या विचाराचा प्रसार याच हिशेबाने झाला. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार माणसांवर त्याचा मोठा प्रयोग केला. घर मिळालेली माणसं घरात टिकली, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण खर्चाची पूर्ण भरपाई झाली ती फक्त आधीपासून सेवांचा प्रचंड वापर करणाऱ्या थोड्या लोकांच्या बाबतीत. बाकीच्यांच्या बाबतीत खर्चाचा काही भाग तेवढा वसूल झाला.

मुंबई-पुण्यात हा युक्तिवाद उलटा पडतो. इथला बेघर माणूस सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला जवळजवळ काहीच खर्च पाडत नाही. तो येतच नाही, आलाच तर उशिरा, आणि लवकर जातो. त्याच्यावर झालेला सर्वांत मोठा सरकारी खर्च बहुधा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा असतो. आणि दावा करायला कोणी आलं नाही तर १९४९च्या ॲनाटॉमी कायद्याखाली ते शरीर वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ शकतं, विद्यार्थ्यांच्या टेबलावर. जिवंतपणी ज्या संस्थेने त्याला नातेवाईक विचारला तिथे मेल्यावर, नातेवाईक नसणं याच पात्रतेवर, त्याला प्रवेश मिळतो. तेव्हा ‘बेघरांना सेवा द्या, पैसे वाचतील’ असं इथे कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही, आणि खोट्या युक्तिवादावर चांगलं काम उभं करू नये. सेवा दिल्या तर खर्च वाढेल. आज जो हिशेबात शून्य आहे तो उद्या आकडा होईल.

‘पण त्यांनाच यायचं नसतं’ हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. निवाऱ्यात नेलं तरी पळून जातात, दवाखान्यात नेलं तरी हिसका देतात. हे घडतं, खरं आहे. पण घाबरण्यामागे इतिहास आहे. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९चा. त्याच्या व्याख्येत उदरनिर्वाहाचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही येतो. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं स्थानबद्धता, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्याचा कणा मोडला. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तिथे तो अजून आहे, आणि चेंबूरचं भिक्षेकरी गृहही आहे. पुलाखाली राहणाऱ्या पारधी कुटुंबांची आठवण तर आणखी मागे जाते, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत. तो १९५२मध्ये गेला, पण पोलिसांच्या नजरेतून गेलेला नाही. ज्यांच्याकडे सरकारी माणूस आजवर उचलून न्यायलाच आला, त्यांच्याकडे तो अचानक ‘चला, तपासून घेऊ’ म्हणून आला, तर पोटात गोळा येणारच. मानसिक आरोग्य कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत न टाकता चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं असं बंधन घातलं आहे. हे बंधन चांगलंच आहे. पण एकाच खाकी वर्दीच्या एका हातात भिक्षेकरी कायदा आणि दुसऱ्या हातात मानसिक आरोग्य कायदा असेल, तर यातला कुठला हात आपल्याकडे येतोय हे त्या माणसाने कसं ओळखावं?

या भीतीवर उतारा काय असतो ते काही माणसांनी दाखवलं आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवलं. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांना तिथेच जाऊन तपासतात. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभं केलं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा उपक्रम २००६पासून बेघर आणि निराधारांबरोबर, भिक्षेकरी गृहांतसुद्धा, काम करतो आहे. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट समान आहे. ही माणसं पहिल्या भेटीत उपचार करत नाहीत, ओळख करून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत जखम दिसते, पाचव्या भेटीत कधीतरी नाव कळतं. ज्या आरोग्यव्यवस्थेत एका रुग्णाला दोन मिनिटं मिळतात तिला हे परवडणार नाही असं म्हणता येईल. पण मतदान केंद्राचा अधिकारी एकाच माणसासाठी एकाहून जास्त रात्री जातो, ते कसं परवडतं?

(इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हल्ली मोबाइलवर रस्त्यावरच्या वेड्या ठरवलेल्या माणसाला आंघोळ घालून, दाढी करून, नवे कपडे चढवून ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवणारे व्हिडिओ फिरतात. त्या माणसाची संमती कुणी विचारलेली नसते. दुसऱ्या दिवशी तो कुठे झोपला, तेही कुणी दाखवत नाही.)

आपल्या समाजाला या कामाची परंपरा नाही असंही नाही. गाडगे महाराज स्वतः आयुष्यभर हातात खराटा, डोक्यावर गाडगं आणि पाठीशी घर नाही असे फिरले. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आजही त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. रुग्णालयाच्या जवळ राहण्याची, शिजवून खाण्याची, जखम भरेपर्यंत पडून राहण्याची सोय हाही उपचारांचाच भाग आहे, हे त्या कामातून मराठी माणसाला फार पूर्वी कळायला हवं होतं. आपण त्याला दानधर्मात टाकलं आणि रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातून वगळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन गोष्टी दानधर्मातून काढून नियमात आणाव्यात. पहिली, प्रत्येक मोठ्या महापालिका रुग्णालयाला जोडून बरं होण्याची जागा: पंचवीस-तीस खाटा, एक परिचारिका, ड्रेसिंगची सोय, दोन वेळचं जेवण, गाठोड्याला कुलूपबंद कप्पा, आणि सोबत कोणी नसलेल्या रुग्णाचा ‘नातेवाईक’ म्हणून नेमलेला पगारी माणूस. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बॉस्टनमध्ये अशी सोय काही दशकांपासून आहे. आपल्या नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही बऱ्या होत असलेल्या रुग्णांसाठी वेगळा निवारा असू शकतो असं लिहिलेलं आहे. कोणत्या खात्याने तो चालवायचा यावरून तो अडतो: निवारा नगरविकासाचा, रुग्ण आरोग्याचा, निराधार समाजकल्याणाचा. तिन्ही खात्यांना आपलं काम दुसऱ्याचं वाटतं. तेव्हा त्याची जबाबदारी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांकडेच असावी, कारण डिस्चार्जवर सही त्यांच्या संस्थेची असते.

दुसरी, रात्रीची फेरी. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे एक छोटं पथक असावं, आठवड्यातून ठरावीक रात्री, ठरावीक जागी, तेच चेहरे. टीबीची थुंकी तपासायला घ्यावी, साखर आणि रक्तदाब पाहावा, गरोदर बाईची नोंद करावी, आणि पत्त्याच्या रकान्यात आरोग्य केंद्राचाच पत्ता लिहावा. गोळ्या त्या पथकाच्या पिशवीत असाव्यात. त्यांच्याबरोबर पोलीस नसावा, महापालिकेची अतिक्रमणवाली गाडी तर अजिबात नसावी. आणि या फेरीत गोळा झालेली माहिती अतिक्रमण विभागाला द्यायची नाही, हे लेखी असावं. नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळं संपेल. ‘फुटपाथवर सेवा दिली तर फुटपाथवर राहणं कायम होईल’ असं नगरसेवकांपासून गृहनिर्माण सोसायट्यांपर्यंत सगळे म्हणतील. १९८५मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं मर्म सांगून ठेवलं आहे: माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं पोट तिथे आहे. रक्तदाबाच्या गोळीसाठी कुणी विदर्भातून येऊन दादरच्या पुलाखाली बिऱ्हाड थाटत नाही.

हे नीट चाललं तर पहिल्या वर्षी काय होईल याचीही कल्पना असलेली बरी. शहरातल्या टीबी रुग्णांचा आकडा वाढेल, प्रतिरोधक टीबीचाही. मधुमेहाचे, रक्तदाबाचे, उपदंशाचे नवे रुग्ण सापडतील. मातामृत्यूची जी प्रकरणं आज कुणाच्याच खात्यात पडत नाहीत ती एखाद्या वॉर्डाच्या खात्यात पडतील आणि त्या आरोग्य अधिकाऱ्याला बैठकीत उभं केलं जाईल. औषधांची मागणी वाढेल, खाटा कमी पडतील. वर्तमानपत्रात ‘योजनेनंतर रुग्णसंख्येत वाढ’ असा मथळा येईल आणि स्थायी समितीत कुणीतरी तो वाचून दाखवेल. त्या दिवशी आयुक्तांनी काय उत्तर द्यायचं हे आधीच ठरवून, योजनेच्या पहिल्या पानावर छापून ठेवावं.